मामा परत आला तेव्हा

माझा मामा १९५२च्या उन्हाळ्यात इस्रायलहून परत आला. मी तेव्हा सहा वर्षांची होते. मुंबईला विमानातून उतरून, भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस आणि तिथून मोटारीने अलिबाग, असा तो आमच्या इस्राएल आळीत आला. हातात पत्र्याची ट्रंक आणि खांद्यावर करड्या रंगाचं जाड ब्लँकेट. भर उन्हाळ्यात, कोकणात ब्लँकेट! आम्हा पोरांना त्याचंच नवल वाटलं. आजीने ओट्यावर पाय धुवायला तांब्या ठेवला आणि एवढंच विचारलं, "जेवलास?"

दोन वर्षांपूर्वी तो निघाला तेव्हा सगळी आळी रेवसपर्यंत पोचवायला गेली होती, असं आई सांगे. गळ्यात हार, हातात नारळ, म्हाताऱ्या बायकांचे हात डोक्यावर. "आमच्या वाटचं यरुशलेम बघून घे रे बाबा," असं म्हणत त्या रडल्या होत्या. तो परत आला त्या दिवशी मात्र आळीतली दुसरी एकही बाई ओट्यावर आली नाही. दारं उघडी होती, पण सगळ्या आत होत्या. त्याला काय विचारायचं, तेच कुणाला समजत नव्हतं.

मला आता ऐंशीवं वर्ष चालू आहे. त्यातली छप्पन्न वर्षं मी इस्रायलमध्ये काढली, बहुतेक सगळी दिमोनात. आमच्या बेने इस्राएल समाजाच्या कार्यक्रमांत भाषणं होतात. दोन हजार वर्षांपूर्वी आमची गलबतं नवगावच्या किनाऱ्याला फुटली, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांची आम्ही लेकरं, आणि आता मायदेशी परतलो, अशी ती गोष्ट सांगतात. ती मला प्राणाइतकी प्रिय आहे. पण त्या गोष्टीत मामा कधीच येत नाही. १९५२ ते ५४ या काळात इस्रायलहून भारतात परत पाठवलेल्या बेने इस्राएलांची संख्या ३३७ होती. ही सगळी कुटुंबंच्या कुटुंबं होती. त्यांच्याविषयी आमच्यात अजून हळू आवाजात बोलतात, घरातलं काही नासलं असावं तसं. मला ते आयुष्यभर खटकत आलं आहे.

इब्रीमध्ये इस्रायलला जाण्याला अलिया म्हणतात, म्हणजे चढणं. तो देश सोडून जाण्याला येरिदा म्हणतात, म्हणजे उतरणं. त्या भाषेत मामा 'उतरला'. पण आम्ही कोकणातली माणसं. आम्ही घाटावर चढतो आणि कोकणात उतरतो. उतरणं म्हणजे घरी येणं, हे आमच्या कानांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. त्या शब्दात कमीपणा आहे हे आम्हाला तिकडे गेल्यावर शिकावं लागलं.

तर आधी घराविषयी सांगते, कारण घर काय होतं ते कळल्याशिवाय मामाचं दुःख कळणार नाही.

आमच्या परसात पणजोबांच्या वेळचा लाकडी घाणा होता. मी पाहिला तेव्हा तो बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती. उखळात पावसाचं पाणी साचायचं आणि आम्ही त्यात कागदाच्या होड्या सोडायचो. लाट अर्धी कुजलेली, तरी लाकडाला तिळाचा वास होता. ऊन चढलं की तो वास पुन्हा सुटायचा. याच घाण्यांवरून कुलाबा जिल्ह्यात आम्हाला शनिवार तेली म्हणत, शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. शब्बाथला माणसाने काम करायचं नाही आणि जनावरालाही जुंपायचं नाही, ही आज्ञा. आजी सांगे, शुक्रवारी दिवस कलला की पणजोबा बैलाच्या डोळ्यांवरची झापडं सोडत आणि खुंटीला टांगून ठेवत. शनिवार संध्याकाळी आकाशात तारे दिसेपर्यंत ती खुंटीवरून खाली उतरत नसत. इब्री प्रार्थना विसरल्या होत्या, ग्रंथ समुद्रात गेले होते, मंदिर कुठल्या दिशेला होतं तेही ठाऊक नव्हतं. उरलं होतं ते हे: शनिवार, आठव्या दिवशी मुलाची सुन्नत, शमा ही एक प्रार्थना, आणि खवले व पर असलेलेच मासे खाण्याचा नेम. दाविद रहाबी नावाचा परदेशी ज्यू कोकणात आला आणि त्याने आमच्या बायकांपुढे मिसळलेल्या मासळीची पाटी ठेवली, त्यांनी त्यातून बरोबर तेच मासे निवडले, म्हणून त्याने आम्हाला ओळखलं, अशी आमच्यात कथा आहे. ही परीक्षा बायकांनी दिली आणि ती चुलीपाशी झाली, याचा मला लहानपणापासून अभिमान वाटतो.

आडनावं गावांवरून पडली: पेणकर, रोहेकर, चेऊलकर, किहीमकर, दिवेकर, झिराडकर. अशी शंभराहून जास्त आडनावं आहेत. बायका नऊवारी नेसत, लग्नात मेंदी लावत, गळ्यात मंगळसूत्र असे. सणांची नावंही आमची आम्ही ठेवलेली. वर्षारंभ तो नव्याचा सण, योम किप्पूर ती दारफाळणी, कारण त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं. आणि यरुशलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास तो बिरड्याचा रोजा, कारण त्या उपासाच्या जेवणात केळीच्या पानावर वालाचं बिरडं असे. दोन हजार वर्षांपूर्वी जळालेल्या मंदिराचं सुतक आम्ही अलिबागच्या कडव्या वालांनी पाळत होतो.

अठराव्या शतकात आमचे लोक घाणे सोडून मुंबईला जाऊ लागले, कंपनीच्या फौजेत शिरले. सामाजी हसाजी दिवेकर हे त्यांतलेच. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडले, सुटले, आणि १७९६मध्ये मांडवीला मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. अलिबागचं मागेन आबोथ १८४८चं. पेसाह सणाच्या रात्री वाचायची हग्गादा मुंबईत मराठीत छापली गेली ती १८४६ साली. तिच्या शेवटी पुढल्या वर्षी यरुशलेमात असू दे, अशी मागणी आहे. म्हणजे आमच्या घरात परत जाण्याची इच्छा दरवर्षी मराठीतून बोलली जात होती आणि ती बोलून झाली की माणसं हात धुऊन भात वाढून घेत. त्यात खोटेपणा नव्हता. मागणी खरी होती आणि भातही खरा होता.

एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. भारतात आम्हाला ज्यू म्हणून कुणी छळलं नाही. युरोपातून आलेल्या माझ्या दिमोनातल्या शेजारणींना हे सांगितलं की त्या माझ्याकडे अशा बघत, जणू मी लहानपणी ऐकलेली परीकथा सांगते आहे. आमच्या शेजारी मुसलमान होते, आगरी होते, ब्राह्मण होते. दारफाळणीला आमची दारं बंद असत तेव्हा शेजारच्या काकी आमच्या कोंबड्यांना दाणे टाकत.

मग गेलो का? मामा व्हीटी स्टेशनच्या एका कचेरीत कारकून होता. रेल्वे, टपाल, कस्टम्स, फौज, दवाखाने यांत आमचे खूप लोक होते. इंग्रज गेले आणि आता या नोकऱ्या पुढल्या पिढीला मिळतील की नाही, अशी एक धाकधूक घरोघर सुरू झाली. फाळणीचे दिवस सगळ्यांनी पाहिले होते. १९४८मध्ये इस्रायल झालं, १९५०मध्ये तिथे परतीचा कायदा झाला, जगातल्या कुठल्याही ज्यूला हक्काने येऊन नागरिक होता येईल असा. ज्या गोष्टीसाठी पणजोबांच्या पणजोबांनी प्रार्थना केली ती कायद्याच्या कलमात आली, तर कसं थांबायचं? मामा तेव्हा चोवीस वर्षांचा होता. त्याने राजीनामा लिहिला आणि दादरची खोली सोडली.

तिकडे काय झालं ते त्याने मला पुष्कळ पुढे, बेर्शेबात, त्याच्या घराच्या पायरीवर बसून सांगितलं. १९४८मध्ये त्या देशात साडेसहा लाख ज्यू होते, तीन-साडेतीन वर्षांत ते चौदा लाखांच्या घरात गेले. घरं नव्हती, धान्य रेशनवर होतं. सगळ्यांनाच तंबूत आणि पत्र्याच्या खोपटांत राहावं लागलं, हे मामा नेहमी आधी सांगायचा. तो कुणाला अन्यायाने दोष द्यायचा नाही. "तंबूचं दुःख नव्हतं ग," तो म्हणायचा, "सगळेच तंबूत होते." कारकुनी केलेल्या माणसाला रस्त्याची खडी फोडायला लावली, त्याचंही त्याने मनाला लावून घेतलं नाही. भात मिळेना, त्याचं दुःख जरा जास्त होतं. पण तो मोडला तो पावावर. रेशनच्या दुकानात दोन तऱ्हेचे पाव होते, पांढरा आणि काळपट. मामाने पांढरा मागितला. दुकानदाराने त्याच्या हाताकडे बघितलं आणि काळपट पाव पुढे सरकवला, काळ्या माणसाला काळा पाव बरा, असं म्हणत. मामाला इब्री जेमतेम येत होतं, पण हे वाक्य त्याला पूर्ण समजलं. असा प्रसंग त्याच्या एकट्यावर आला नव्हता. पावाची ही गोष्ट त्या काळी बेर्शेबाच्या आमच्या लोकांत तोंडोतोंडी झाली होती.

मग त्यांनी जे केलं ते भारतातून आलेली माणसंच करू शकतात. १९५१च्या अखेरीस आणि १९५२च्या सुरुवातीला ते तेल अवीवला ज्यू एजन्सीच्या दारात जाऊन बसले. बायका, मुलं, म्हातारे, सगळे. उपास केला. हात उगारला नाही. मागणी एकच होती: आम्हाला घरी पोचवा. स्वतःच्या पवित्र भूमीत बसून, तिथे आणणाऱ्या संस्थेलाच, 'आम्हाला घरी पाठवा' म्हणणं किती कठीण गेलं असेल! बेचाळीस साली गवालिया टँकवर गर्दीत उभा राहिलेला माझा मामा दहा वर्षांनी त्या फुटपाथवर सत्याग्रहाला बसला होता. अखेर एजन्सीने तिकिटं काढली. ब्लँकेट त्या फुटपाथवरचंच होतं.

इथे गोष्ट संपली असती तर सोपी होती: गेला, फसला, परतला. पण तसं झालं नाही.

अलिबागला आल्यावर पहिले काही दिवस मामा नुसता खात होता. आंबे, भात, नारळाच्या दुधातली कढी, तांदळाची भाकरी. मग तो नोकरी शोधायला मुंबईला गेला. जागा भरलेली होती. खोली दुसऱ्याला गेलेली. रात्री तो ओट्यावर बसायचा आणि मला बेर्शेबाच्या आकाशाविषयी सांगायचा, तिथे रात्री किती गार वारा सुटतो, तारे किती खाली येतात. सगळ्या गावाचा शनिवार तिथे एकदम होतो, शुक्रवारी दुपारी दुकानं बंद होतात, बस बंद होतात, आणि आपण शनिवारी काम का करत नाही हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, हे तो पुन्हा पुन्हा सांगायचा. आई मला सांगे, "तो झोपेत इब्री बोलतो." परत आलेल्या बहुतेक कुटुंबांचं असंच झालं. आठवडे-महिने गेले आणि ती पुन्हा मुंबईतल्या ज्यू एजन्सीच्या कचेरीत खेटे घालू लागली, या वेळी उलट मागणी घेऊन. १९५४मध्ये मामा दुसऱ्यांदा निघाला. तेव्हा हार नव्हते. आजी एकटी रेवसपर्यंत गेली. ब्लँकेट तो घेऊन गेला.

माणसं याला चंचलपणा म्हणाली. आमच्यातलीही म्हणाली. मला वाटतं, त्या ३३७ माणसांनी आमच्या सगळ्यांच्या मनातली गोष्ट अंगावर घेऊन करून दाखवली. बाकीच्यांनी तीच ये-जा मनातल्या मनात केली आणि तोंडाने मायदेशाची भाषणं ठोकली.

आता एक आमच्याच घरातली गोष्ट, जी सांगायला जीभ जड होते. आमच्यात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता. दुसऱ्या जातीच्या बायकांपासून झालेली संतती ती काळी, असं म्हणत. त्यांच्याशी सोयरीक नव्हती, एका ताटात जेवण नव्हतं. रंगाचा याच्याशी काही संबंध नव्हता. कितीतरी 'गोरे' माझ्याहून सावळे होते. माझ्या आजीने एका काळ्या इस्राएल कुटुंबाला मलिद्याचा प्रसाद पानात वरून टाकलेला मी पाहिला आहे. मामाने पावाची गोष्ट सांगितली त्या दिवशी मी त्याला हे विचारलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "त्या दुकानदाराचा हात मला आईच्या हातासारखा दिसला."

दुसरा घाव १९६२चा. तोवर मी मुंबईला परिचारिकेचं शिक्षण घ्यायला जाण्याच्या वयाची होत आले होते. इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने आदेश काढला की बेने इस्राएलांचं लग्न दुसऱ्या ज्यूंशी लावण्याआधी त्यांच्या आईच्या बाजूच्या पूर्वजांची जमेल तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. बायकांनी मासे ओळखून जी परीक्षा दिली होती ती पुन्हा द्यायची, तीही आईच्या, आजीच्या, पणजीच्या नावाने. मामाची पत्रं यायची. आता तो हिशोबनीस झाला होता, तरी १९६४च्या उन्हाळ्यात तो पुन्हा रस्त्यावर बसला, या वेळी यरुशलेमला. या वेळी कुणी घरी पाठवा म्हटलं नाही. हे घर आमचंही आहे, असं म्हटलं. १७ ऑगस्टला क्नेसेटचं, म्हणजे तिथल्या संसदेचं, खास अधिवेशन झालं. सरकारने सांगितलं की बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि महिना संपण्याआधी धर्मपीठाने आदेशातून आमचं नाव काढलं. तेरा वर्षांपूर्वी तेल अवीवच्या त्या दारात बसले नसते, तर यरुशलेमला बसायचं कसं ते त्यांना कुणी शिकवलं असतं? मामाचं ते पत्र माझ्याजवळ आहे. निळ्या एअर लेटरवर, मोडी वळणाच्या मराठीत. त्यात विजयाचा शब्द नाही. खाली लिहिलं आहे, पुढच्या वेळी येणाऱ्याबरोबर अर्धा शेर वाल पाठवा.

हे सगळं ठाऊक असूनही आम्ही १९६९मध्ये गेलो. कारण विचारलं तर मी एक आकडा सांगते: दहा.

सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. दहा असले की तोरा हा धर्मग्रंथ उघडता येतो, मयतासाठी कदीश ही प्रार्थना म्हणता येते. नऊ असले की येत नाही. १९५१च्या जनगणनेत भारतभरात सगळे मिळून सव्वीस हजारांच्या आसपास ज्यू होते, त्यांत बहुसंख्य आम्हीच. मोठ्या संख्येतून माणसं गेली की लगेच कळत नाही. पण पेण, रोहा, रेवदंडा, पोयनाड, अशा गावांत वीस-पंचवीस घरं. त्यांतली पाच गेली, दहा गेली. शनिवारी वडील सिनेगॉगमधून लवकर परत आले की आई समजायची. कधी मुंबईहून सुटीला आलेला कुणाचा भाचा दहावा व्हायचा. कधी वडील रस्त्यावर उभे राहून मोटारीची वाट बघायचे, चौलहून कुणी येतो का म्हणून. मग एका वर्षी दोन भाऊ एकाच वेळी गेले आणि त्यांच्या गावात दहा पुन्हा कधी झाले नाहीत. ज्याला जायचं नव्हतं त्यालाही जावं लागलं, कारण आपल्या मागे कदीश कोण म्हणणार, हा प्रश्न म्हाताऱ्यांना रात्री झोपू देईना. छळामुळे गाव रिकामं झालं तर शत्रूला बोट दाखवता येतं. आमची गावं प्रार्थनेच्या हिशोबामुळे रिकामी झाली. माझे वडील जाताना सिनेगॉगच्या किल्ल्या शेजारच्या मुसलमान काकांकडे देऊन गेले, आणि काकांनी पंधरा वर्षं दर पावसाळ्याआधी स्वतःच्या पैशांनी कौलं शाकारली.

दिमोना म्हणजे वाळवंट. १९५५मध्ये वसलेलं गाव, भोवती बोडके डोंगर. पहिल्या पावसाळ्याची मी वाट बघत बसले आणि पाऊस आला तो दोन तासांत संपला. दवाखान्यात माझ्यावरच्या बाईने पहिल्या दिवशी विचारलं, ताप मोजायची नळी कशी धरतात ते ठाऊक आहे का. मी मुंबईत तीन वर्षं शिकून, रात्रपाळ्या करून आले होते. मी नळी धरून दाखवली. वर्षभराने तीच बाई आपल्या आईला सुई टोचायला मलाच बोलवायची. नवरा कापडाच्या कारखान्यात लागला, तिथे मागावर निम्मी माणसं मराठी बोलत. आम्ही अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या त्या खडकापाशी नवस फेडायचो जिथे एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या रथाच्या खुणा आहेत असं मानतात, आता हैफाला कार्मेल डोंगरावरच्या एलियाहूच्या गुहेपाशी मलिदा करू लागलो. पोहे, गूळ, खोबरं, वेलची, पाच फळं, सगळं तेच. तिथे मराठीतून 'मायबोली' नावाचा अंक निघू लागला. महाराष्ट्र दिन होऊ लागला. मुलं इब्रीत भांडत आणि भूक लागली की मराठीत येत.

भारतात यायचं तर १९९२पर्यंत फार कठीण होतं. दोन देशांत पुरते राजनैतिक संबंध नव्हते, व्हिसा म्हणजे दिव्य. आईच्या मागे अलिबागला राहिलेली माझी मावशी गेली तेव्हा तार पोचली, मी नाही पोचले. संबंध जुळल्यावर वर्षभरातच मी आले. तेवीस वर्षांनी. आळीच्या तोंडाशी मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मला राग आला. आमच्या ओट्याच्या जागी गाळा झाला होता, परस बुजवला होता. मी मनात जपलेलं घर कुणी मला न विचारता बदललं याचा राग. विकलं आम्हीच होतं, वडिलांची सही मी स्वतः पाहिली होती. मग पलीकडच्या दारातून एक म्हातारी बाहेर आली, माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अगो, तू नर्सबाय ना? कोंबड्या कुणाच्या हवाली करून गेलीस?" त्या काकीच होत्या. तेव्हा रडले.

त्यानंतर मी दर दोन-तीन वर्षांनी येते. दर खेपेला एकच प्रश्न सोबत येतो: इथेच राहावं का? ओसीआय कार्ड आहे, आयुष्यभर येता येईल. मत देता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही. ज्या नवगावात माझ्या पूर्वजांची थडगी आहेत तिथे मी सदनिका घेऊ शकते, वालाचा वाफा घेऊ शकत नाही. तिथल्या किनाऱ्याला आता मुंबईच्या श्रीमंतांचे बंगले आहेत, जमिनीचा भाव ऐकून छाती दडपते. २०१६मध्ये महाराष्ट्राने ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला त्याचा मला आनंद झाला, आणि त्याच दिवशी वाटलं, हा दर्जा मिळाला तेव्हा घेणारे किती उरले होते? दिमोनात असले की मला पावसाळा हवा असतो. इथे चार महिने राहिले की शुक्रवारी दुपारी सगळं गाव शांत व्हावं, असं वाटायला लागतं. मामाचंच माझ्यात उतरलं आहे. तो बेर्शेबात वारला, १९८९मध्ये. करडं ब्लँकेट त्याच्या पायांवर होतं.

या वर्षी बिरड्याच्या रोजाला मी इथे होते. ऑगस्टची सुरुवात, पाऊस धो धो. काकी राहिल्या नाहीत, त्यांच्या सुनेने वाल आणून दिले, बारीक, कडवे, गेल्या हंगामातले. रात्री भिजत घातले, सकाळी निथळून फडक्यात बांधले. पावसाळी हवेत मोड यायला वेळ लागतो, म्हणून पुरचुंडी पिठाच्या डब्यात दडवली. दुसऱ्या रात्री मोड आले, बोटाच्या पेराएवढे. मग कोमट पाण्यात टाकून सोलायला बसले. अंगठ्याने जरा दाबलं की दाणा साल सोडून सुळकन बाहेर येतो. फार दाबला तर डाळिंबी दुभंगते आणि मग बिरड्याचा लगदा होतो. माझा नातू समोर बसला होता. लष्करातून सुटल्यावर त्याच्या वयाची पुष्कळ मुलं भारतात येतात तसा तोही आला, मनाली, ऋषिकेश, गोवा असं फिरून, आणि शेवटी आजी आहे म्हणून अटल सेतूवरून अलिबागला. त्याने पहिले वीस दाणे दुभंगले. मग त्याच्या अंगठ्याला ते समजलं.

शनिवारी त्याला घेऊन मी आमच्या बाजूच्या एका गावातल्या सिनेगॉगला गेले. तिथल्या मुकादमांनी, म्हणजे व्यवस्था पाहणाऱ्यांनी, आधीच फोन करून विचारलं होतं, पाहुणे पुरुष किती आहेत म्हणून. आत नऊ जण बसले होते, तीन ऐंशीच्या पुढचे. नातू आत शिरला तसा एक जण उठला आणि त्याने तोरेच्या कपाटाचा पडदा सरकवला. मी बायकांच्या बाजूला होते. प्रार्थना म्हणणाऱ्या हझानचा आवाज पावसाच्या वर चढला, तीच आमची कोकणी चाल, आणि तेल अवीवात वाढलेल्या माझ्या नातवाला ती अडखळत का होईना, पण धरता आली. दिमोनातल्या त्याच्या आजोबांची ती चाल होती.

बाहेर ओट्यावर चहा देताना मुकादमांनी त्याला मराठीत विचारलं, "पुढच्या शब्बाथला आहात ना?" त्याने माझ्याकडे बघितलं. मी इब्रीत सांगितलं. त्याचं विमान गुरुवारचं होतं. मुकादम माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "आणि तुम्ही बाई? तुम्ही दहात धरल्या जात नाही, पण तुम्ही असलात तर कुणीतरी येतंच."

माझ्या परतीच्या तिकिटावर तारीख घातलेली नव्हती. मी त्यांना सांगितलं, वाल अजून दोन किलो आणायचे आहेत, एवढ्यात तरी निघत नाही.